ब्रेडेड लाईनपुढचा दीड मीटर

गेले तीन हंगाम बास हे गोड्या पाण्यातले मासे गरवताना मी ब्रेडेड (वेणी घातलेल्या) लाईनच्या टोकाला फ्लुओरोकार्बन या प्लास्टिकच्या धाग्याचा लीडर, म्हणजे गळाकडचा वेगळा तुकडा, जोडत आलो आहे. छोट्या चकतीवर गुंडाळून खास लीडर म्हणूनच विकल्या जाणाऱ्या दहा आणि बारा पौंडी (म्हणजे साधारण तेवढ्या ओढीला तुटणाऱ्या) फ्लुओरोकार्बनचे हे परीक्षण आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या चकत्या संपवल्यावर असे दिसले की गाठ नीट बसली की नाही, या एका गोष्टीपुढे त्यांच्यातला आपसातला फरक अगदीच किरकोळ आहे.

मुळात लीडर का लागतो, हे ब्रेडच्या स्वभावावरून कळते. डायनीमा किंवा स्पेक्ट्रा या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या पॉलिथिलीनच्या बारीक धाग्यांची वेणी घालून ही लाईन तयार होते. 15 पौंडी ब्रेड जाडीला साधारण 4 पौंडी नायलॉनच्या तंगुसाएवढी भरते, त्यामुळे हलके ल्युअरही, म्हणजे गळ लावलेले खोटे आमिषही, लांब जाते. शिवाय ती जवळजवळ ताणलीच जात नसल्याने तळावरच्या खड्याला ल्युअर घासले तरी ते रॉड धरलेल्या बोटांना कळते. पण हीच लाईन पाण्यापेक्षा हलकी असल्याने तरंगते, अपारदर्शक असल्याने स्वच्छ पाण्यात ठळक दिसते, आणि ताणलेली असताना दगडाच्या धारेला किंवा शिंपल्यांच्या थराला घासली तर पाहता पाहता तुटते. हे दोष ज्या टोकाशी भोवतात, नेमके तेवढेच टोक बदलायचे, एवढाच लीडरचा उद्योग आहे.

जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत लिहिलेला गुण म्हणजे लीडर पाण्यात अदृश्य होतो. हा दावा मला अर्धाच पटला. धाग्याचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याचे माप) पाण्याच्या जितका जवळ, तितका तो पाण्यात कमी दिसतो. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, फ्लुओरोकार्बनचा सुमारे 1.42 आणि नायलॉनचा 1.5 च्या पुढे. म्हणजे फ्लुओरोकार्बन नायलॉनपेक्षा कमी दिसते हे खरे, पण दिसतच नाही हे खरे नाही. उथळ, नितळ पाण्यात उन्हाची तिरीप पडली की बारा पौंडी लीडर मला काठावरून दिसला आहे, मग माशाला दिसत नसेल असे मानण्याचे कारण नाही. तरीही स्मॉलमाउथ बाससाठी स्वच्छ पाण्यात ड्रॉप शॉट मांडणी (टोकाला वजन आणि त्याच्या वर गळ) करताना ब्रेड थेट बांधण्यापेक्षा लीडर लावल्यावर माझा स्वतःचा विश्वास वाढला, आणि विश्वासाने टाकलेले ल्युअर माणूस अधिक मन लावून चालवतो. गढूळ पाण्यात मात्र या एका गुणासाठी लीडर लावणे म्हणजे अंधारात चष्मा पुसणे आहे.

माझ्या लेखी लीडरची खरी किंमत घासपट्टी सोसण्यात आहे. बासला पाईक माशासारखे कापणारे दात नसतात, पण त्याच्या जबड्याची कड बारीक कानशीसारखी खरखरीत असते. मासा तोंडाशी धरून ठेवल्यावर अंगठ्याची त्वचा जशी खरबडते, तशीच लाईनही खरबडते. चार-पाच मासे झाल्यावर ल्युअरपासून वर वीतभर लीडर नखाच्या कडेतून सावकाश ओढून पाहावा. नख कुठेही अडखळले, तर तेवढा तुकडा कापून टाकून ल्युअर पुन्हा बांधावे. ही तपासणी ब्रेडवर नीट होत नाही, कारण ब्रेड नवी असतानाही थोडी केसाळ लागते आणि तिची इजा उशिरा कळते. दगडाळ उतारावर जिग (जड डोक्याचा गळ असलेले ल्युअर) ओढताना बारा पौंडी लीडरवर मला पांढुरक्या रेघा उमटलेल्या दिसल्या, पण लीडर टिकला; तिथेच थेट ब्रेड बांधून गेलो होतो तेव्हा पहिल्या तासात दोन जिग तळाशी सोडून यावे लागले होते. मात्र पाईकही असलेल्या पाण्यात या जाडीच्या फ्लुओरोकार्बनवर विसंबू नये. तिथे तारेचाच लीडर हवा.

आता गाठीविषयी, कारण या साऱ्या व्यवस्थेचे यश-अपयश तिथेच ठरते. पहिल्या हंगामात मी दुहेरी युनी गाठ वापरली, ब्रेडचे आठ आणि लीडरचे पाच वेढे घेऊन. ती होडीतसुद्धा दोन मिनिटांत बांधता येते आणि नवख्याला मी आजही तिचीच शिफारस करेन. पण तिचा फुगीर मणका रॉडच्या कड्यांतून जाताना दर फेकीला टक् असा आवाज करतो आणि हळूहळू तिथेच लाईन विस्कटते. म्हणून एफजी गाठ शिकलो. तिच्यात लीडर सरळच राहतो आणि ताणून धरलेली ब्रेड त्याच्याभोवती वीसेक वेढ्यांत आलटून-पालटून वरून-खालून गुंफली जाते. ती बांधायला शिकताना माझे तीन-चार मासे गेले, आणि त्यातला एक वजनदार होता. परत आलेल्या लाईनचे टोक मी त्या दिवशी निरखून पाहिले. ब्रेडच्या टोकाला वेढ्यांचा रिकामा, आखडलेला वेटोळा तसाच होता आणि धागे कुठेही पिंजलेले नव्हते. म्हणजे काहीही तुटले नव्हते, लीडर गाठीतून मुकाट्याने सरकून निघून गेला होता. दोष मालाचा नव्हता, माझ्या अर्धवट आवळण्याचा होता. तेव्हापासून गाठ ओली करून, ब्रेड हातरुमालाला गुंडाळून, वेढ्यांचा रंग गडद होऊन ते लीडरच्या अंगात रुतल्यासारखे दिसेपर्यंत मी ती ओढतो, आणि हा रंगबदल दिसला नाही तर ती गाठ कापून नवी बांधतो. त्यानंतर एफजी सुटलेली नाही. वाऱ्यात, गारठलेल्या बोटांनी ती बांधणे मात्र आजही जिवावर येते, म्हणून ती घरीच बांधून निघतो.

लांबीबाबत मी बराच काळ घोळ घातला. तीन मीटरचा लीडर लावला की गाठ रीलच्या स्पूलवर जाते आणि दर फेकीला सगळ्या कड्यांतून पार होते. हातभराचा लावला तर दोन-तीनदा ल्युअर बदलल्यावर काही उरतच नाही. स्पिनिंग रॉडवर दीड मीटर हे माप मला मानवले, कारण ल्युअर रॉडच्या टोकापासून थोडे खाली लोंबते ठेवून फेकले की गाठ टोकाकडच्या काही कड्यांतच राहते. लीडर ब्रेडपेक्षा थोडा कमी ताकदीचा असावा हेही पाळावे, म्हणजे ल्युअर तळाशी अडकून ओढाओढ करावी लागली तर लाईन बहुधा ल्युअरजवळ तुटते आणि पाण्यात मीटरच्या मीटर ब्रेड मागे राहत नाही.

काही गोष्टींबाबत या मालाकडून अपेक्षा ठेवू नयेत. फ्लुओरोकार्बन ताणलेच जात नाही हा समज चुकीचा आहे, पण दीड मीटरमध्ये मिळणारा ताण इतका थोडा असतो की क्रँकबेट या माशासारख्या कडक ल्युअरच्या तीनपाकळी गळावरून मासा सुटण्याचे प्रकार त्याने थांबत नाहीत. त्यासाठी रॉडच मऊ हवा. दुसरे, हा धागा पाण्यापेक्षा पावणेदोनपट जड असल्याने बुडतो, आणि पृष्ठभागावर चालवायच्या ल्युअरचे नाक खाली ओढतो. तिथे मी साधा नायलॉनचा लीडर लावतो, जो जवळजवळ पाण्याइतकाच जड असतो, आणि त्याच्या किंचित ताठपणामुळे मऊ ब्रेड ल्युअरच्या पुढच्या गळात गुरफटण्याचा त्रासही कमी होतो. आणि दाट पाणवनस्पतींवर बेडकाच्या आकाराचे ल्युअर ओढताना तर कोणताच लीडर नको: 50 किंवा 65 पौंडी ब्रेड पालोमर गाठीने थेट बांधावी. तिथे माशाला लाईन पाहायला वेळ नसतो, ब्रेड देठांना करवतीसारखी कापत येते, आणि लीडरची गाठ म्हणजे शेवाळ अडकवण्याची फुकटची खुंटी ठरते.

चकतीविषयी दोन तक्रारी आहेत. लीडरचा धागा मुख्य लाईन म्हणून विकल्या जाणाऱ्या फ्लुओरोकार्बनपेक्षा मला बहुधा कडक लागला; चकतीही लहान असल्याने बारा पौंडी धागा बाहेर काढल्यावर स्प्रिंगसारखी वळणे घेतो, आणि थंडीत ती वळणे दोन्ही हातांत धरून सावकाश ताणल्याशिवाय जात नाहीत. दुसरे, चकतीभोवतीचे रबर काही महिन्यांत सैल पडते आणि पेटीत धागा सुटून इतर सामानात गुंततो. मी आता साधे केसांचे रबर लावतो. कापलेले तुकडे मात्र पाण्यात किंवा काठावर टाकू नयेत, कारण हा पदार्थ उन्हापाण्याने लवकर झिजत नाही आणि पक्ष्यांच्या पायांत अडकतो. झाकणाची एक रिकामी डबी त्यासाठी पुरते.

येत्या हंगामासाठी स्पिनिंग रॉडवर 15 पौंडी ब्रेडला दहा पौंडी लीडर आणि जिगच्या रॉडवर 30 पौंडी ब्रेडला बारा पौंडी लीडर, अशी जोडणी कायम ठेवली आहे. दहा पौंडीची नवी चकती घेतली आहे. बारा पौंडीची जुनी अजून निम्मी शिल्लक आहे.