कॅलिपर, साइड व्हील आणि ज्युपिटर 125 : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

माझ्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला. मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर (पायाला आधार देणारी, पट्ट्यांनी बांधायची चौकट), गुडघ्याला लॉक, हातात एक कुबडी. उजवा पाय चांगला आहे. कुबडीमुळे हात आणि खांदे भक्कम झाले, पण चाळिशीनंतर तेच खांदे दुखायला लागले. घर सांगलीत, नोकरी मिरजेत. इतकी वर्षं बस, वडाप (शेअर जीप) आणि रिक्षा यांवर काढली. गेले आठ-नऊ महिने मात्र साइड व्हील, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आधाराची चाकं, लावलेली टीव्हीएस ज्युपिटर 125 स्कूटर चालवतेय. कडक उन्हाळा आणि अख्खा पावसाळा या गाडीवर निघाला, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

घ्यायच्या आधी मी खूप शोधलं. जिथे तिथे ॲव्हरेज, पिकअप, टॉप स्पीड. आपल्या कामाचं जवळजवळ काहीच नाही. माझं ठाम मत असं झालंय की पाय कमजोर असलेल्यांनी गाडी पळते कशी हे सगळ्यात शेवटी बघावं. आधी ती उभी असताना कशी आहे ते बघावं. बसता कसं येतं, उतरता कसं येतं, पेट्रोल भरताना खाली उतरावं लागतं का, उतारावर लावली तर जागची सरकते का, आणि मागे कशी घ्यायची. पळणं सगळ्यांना जमतं. अडतं ते थांबल्यावर.

शोरूममध्ये माझ्याबरोबर दादा आला होता. तिथला माणूस सगळं त्यालाच समजावत होता, गाडी मी घेणार हे दोनदा सांगूनही. शेवटी मी त्याला म्हटलं, "गाडी मोकळ्या जागेत काढा, मला बसून उठून बघायचंय." तुम्हीही हे करा, आणि रोजचा कॅलिपर, रोजचा बूट घालूनच करा. मी आधी सीटवर आडवी टेकते, कुबडी हँडलला लावते, गुडघ्याचं लॉक सोडते आणि मग डावा पाय हाताने उचलून पुढे फुटबोर्डवर ठेवते. यात पाय किती उंच उचलावा लागतो आणि बुटासकट तो फुटबोर्डवर मावतो का, हे दोनच प्रश्न महत्त्वाचे. काही गाड्यांमध्ये माझा बूट पुढच्या पॅनेलला टेकत होता आणि गुडघा अर्धवट वाकून अडकत होता. ज्युपिटरच्या सपाट फुटबोर्डवर पाय नीट बसला.

दुसरं कारण पेट्रोलचं. ज्युपिटर 125 ला पेट्रोलचं झाकण पुढे, हँडलखाली आहे. सीटवरून न उठता टाकी भरून होते. ज्याला उतरायचं म्हणजे लॉक लावा, कुबडी घ्या, ओल्या तेलकट फरशीवर तोल सांभाळा, हे सगळं करावं लागतं, त्यालाच याची किंमत कळेल. पंपावर मागच्या लोकांचे हॉर्न ऐकत हे करणं मला कधीच जमलं नसतं.

वजनाबद्दल दोन गोष्टी. साइड व्हील लावणार असाल तर गाडीच्या वजनाला घाबरू नका, कारण गाडी तुम्हाला सावरून धरायचीच नाही. उलट साइड व्हीलच्या कीटचं वजन ओढायला 125चं इंजिन बरं पडतं. पण साइड व्हील नको असतील, म्हणजे गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, हातापायाला संधिवात आहे किंवा उंची कमी आहे, तर वजन पहिल्यांदा बघा. स्कूटी पेप प्लस साधारण 93 किलो, यामाहा फॅसिनो 125 हायब्रिड 99 किलो, ॲक्टिव्हा आणि ज्युपिटर 105 ते 110च्या घरात. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण सिग्नलला गाडी एका बाजूला कलली की त्यातला एकेक किलो पायाला जाणवतो. आणि सीटची उंची वाचून फसू नका. सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि कमी उंचीच्या गाडीवरूनही टाचा टेकत नाहीत. बसून बघण्याला पर्याय नाही.

संधिवातवाल्यांसाठी आणखी एक. 2019पासून 125 सीसीपर्यंतच्या बहुतेक नव्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक असतो, म्हणजे डावा लिव्हर दाबला की मागचा आणि पुढचा दोन्ही ब्रेक लागतात. उजव्या हाताची पकड कमी असेल तर याचा मोठा आधार आहे. पण लिव्हर किती जोरात दाबावा लागतो हे दुकानातच तपासा, प्रत्येक गाडीचं वेगळं असतं.

आता कीट. गाडीइतकाच विचार याचा करायला हवा, आणि लोक तोच करत नाहीत. मूळ मागचं चाक तसंच राहतं, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक चाक येतं. माझ्या कीटला वीस हजारांच्या आसपास खर्च आला. साधी, चेसिसला घट्ट बोल्ट केलेली कीट स्वस्त मिळते. स्प्रिंग किंवा शॉकॲब्सॉर्बर असलेली महाग. पैसे साठवून दुसरी घ्या. कारण सांगते. रस्त्यात जिथे मध्येच खोलगट असेल तिथे घट्ट कीटची दोन्ही बाजूंची चाकं कडांवर चढतात आणि मधलं चाक अधांतरी राहतं. इंजिनची ताकद फक्त त्या मधल्या चाकाला असते, त्यामुळे तुम्ही ॲक्सिलरेटर पिळता, चाक गरगर फिरतं आणि गाडी तसूभर हलत नाही. खाली उतरून ढकलणं आपल्याला शक्य नाही. मागचा ब्रेकही त्याच चाकाला, म्हणजे ते अधांतरी असताना तोही निकामी. माझ्या ओळखीच्या एकांच्या गाडीला हे वरचेवर होतं, त्यांना दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागते.

रुंदी साडेतीन फुटांच्या आसपास जाते. कीट बसवण्याआधी घराचं फाटक, जिन्याखालची जागा, ऑफिसचं गेट टेपने मोजा. आमच्या वाड्याचा दिंडीदरवाजा पुरेना, शेवटी गाडी शेजारच्यांच्या अंगणात लावायची सोय झाली. त्यांचे उपकार.

कीटवाल्याकडून मी दोन जास्तीची कामं करून घेतली. एक, कुबडी अडकवायला उजव्या बाजूला दोन क्लिपा. दुसरं जास्त महत्त्वाचं. माझ्या डाव्या पायात ताकद नाही, त्यामुळे खड्ड्यात गाडी आदळली की तो फुटबोर्डवरून घसरून बाहेर लोंबतो आणि बाजूच्या चाकाला लागायची भीती असते. कीटवाला म्हणाला पट्टा लावू. मी नको म्हटलं. गाडी कलंडली तर बांधलेला पाय सुटणार नाही. त्याऐवजी फुटबोर्डच्या डाव्या कडेला चार बोटं उंचीची लोखंडी कड मारून घेतली, तिला आतून रबर. पाय आतच राहतो आणि उचलला की सुटतो. संपूर्ण गाडीत मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट ही.

शिकण्याबद्दल. दादाने वीस वर्षं मोटारसायकल चालवलीय, त्यामुळे त्याला वाटलं तो शिकवेल. जमलं नाही, आणि यात त्याचा दोष नाही. दोन चाकांची गाडी वळणावर आत झुकते, चालवणारा तिच्याबरोबर झुकतो. साइड व्हीलची गाडी झुकतच नाही. ती रिक्षासारखी सपाट राहते आणि वेग जास्त असेल तर वळणाच्या बाहेरच्या बाजूला उलटायला बघते. मग आमच्या भागातले एक निवृत्त काका मदतीला आले. त्यांचे दोन्ही पाय पोलिओचे. आधी लुना, मग किनेटिक होंडा, आता ॲक्टिव्हा, सगळ्या साइड व्हीलवर चालवल्यात. बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी किनेटिक होंडा आल्यावर आपल्यासारख्यांची केवढी सोय झाली हे मी त्यांच्याकडूनच ऐकलं. विश्रामबागच्या मोकळ्या ग्राउंडवर त्यांनी मला आठचे आकडे काढायला लावले आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा घोकून घेतलं, "गाडी झोपवायची न्हाई पोरी, अंग झोपवायचं."

म्हणजे वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक मारायचा नाही, हँडल सरळ हव्या त्या दिशेला वळवायचं आणि कमरेपासून वरचं अंग आतल्या बाजूला न्यायचं. डावीकडे वळताना अंग उजवीकडे फेकलं जातं, तिथे माझा चांगला पाय फुटबोर्डवर रेटून मला आधार मिळतो. उजवीकडे वळताना अंग डावीकडे जातं आणि तिथे रेटायला पायच नाही. म्हणून उजवं वळण मी आजही डाव्याच्या निम्म्या वेगाने घेते. तुमचा कमजोर पाय कुठला, त्यावर तुमचं अवघड वळण ठरेल. हे मला कुठेही वाचायला मिळालं नव्हतं.

आधी सायकल किंवा स्कूटर चालवलेल्यांना हे जास्त जड जातं, काका सांगतात. मी आयुष्यात दोन चाकांवर बसलेच नव्हते, त्यामुळे विसरायचं काही नव्हतं. आठवडाभरात सरळ रस्ता जमला. गर्दीत जायची हिंमत यायला महिना-दीड महिना गेला.

लायसन्ससाठी क्रम लक्षात ठेवा. गाडी, मग कीट, मग आरटीओकडून तपासणी करून आरसीवर बदलाची नोंद. 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा गाडीला 'अडॅप्टेड व्हेईकल' म्हणतात, जुन्या कागदांवर 'इनव्हॅलिड कॅरेज' दिसेल. नोंदणीच्या अर्जात मालकीच्या प्रकारात 'दिव्यांगजन' हा पर्याय 2020पासून आहे, तो भरायला सांगा, एजंट विसरतात. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं, पक्क्याची टेस्ट तीस दिवसांनंतर देता येते आणि ती याच गाडीवर द्यायची. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणि मेडिकल सर्टिफिकेट हाताशी ठेवा. कीटची नोंद आरसीवर नसेल तर इन्शुरन्सचा क्लेम अडकू शकतो, त्यामुळे ही पायरी टाळू नका. पहिल्या खेपेला मला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवत राहिले, त्या इमारतीत बसायला बाकही नव्हता. अपंगांच्या कामासाठी अपंगांना उभं ठेवतात याचा राग अजून जात नाही.

रोजचा वापर कसा आहे? सांगली-मिरज रस्त्यावर मी तीस-पस्तीसने चालवते. त्याहून जोरात जायची इच्छाही होत नाही आणि गरजही नाही. रस्ता मधून उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे डाव्या कडेने गेलं की हँडल सतत डावीकडे ओढतं आणि उजवा खांदा भरून येतो. थोडं मधे घेतलं की आराम, पण मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत. मी आरशात बघते, हात दाखवते आणि माझ्या जागेवर राहते. खड्डा चुकवता येत नाही, कारण गाडीच्या चाकोऱ्या तीन. एक चुकवलं तर दुसरं सापडतं. त्यापेक्षा वेग कमी करून सरळ जावं. गतिरोधकावर तिरकं तर कधीच नाही. सिग्नलला फटीतून पुढे घुसायचा मोह सोडला, रिक्षाच्या मागे रिक्षासारखी उभी राहते. आयर्विन पुलावर गर्दीच्या वेळी जातच नाही.

पावसाळ्यात गाडीची भीती वाटली नाही, ती घसरून पडत नाही. भीती वाटली उतरताना. ओल्या फरशीवर कुबडीचं रबर सरकतं. जूनच्या आधी रबर बदला आणि जास्तीचं एक डिकीत ठेवा. पँटवाला रेनकोट कॅलिपरवरून चढत नाही, मी पाँचो वापरते. चामड्याचे पट्टे भिजून कडक झाले आणि मांडीला काचले, आता प्लास्टिकचा कॅलिपर करायला टाकलाय.

ॲव्हरेज साध्या गाडीपेक्षा बऱ्यापैकी कमी मिळतं, ते गृहीत धरा. बाजूच्या चाकांची दिशा जराशी जरी चुकली तरी टायर एका बाजूने खातो. माझा डावा टायर असाच तीन महिन्यांत उतरला, कीटवाल्याने परत बोल्ट जुळवून दिले तेव्हा थांबला. त्यामुळे कीट आपल्या गावात किंवा शेजारच्या गावातच बसवा. पुण्याहून स्वस्तात आणली आणि दुरुस्तीला माणूस नाही, असं नको. बॅटरीकडेही लक्ष ठेवा, किक मारणं आपल्याला शक्य नाही.

राहिलं रिव्हर्स. पेट्रोल स्कूटरला तो नसतो. सपाट जागेवर मी उजव्या पायाने रेटत मागे घेते, पण जरा चढ असला की कुणाला तरी बोलवावं लागतं. म्हणून मी नेहमी तोंड बाहेरच्या दिशेला करूनच लावते. काही कीटना रिव्हर्सची सोय मिळते, आणि टीव्हीएस आयक्यूब, एथर, नवी चेतक अशा इलेक्ट्रिक गाड्यांच्या बहुतेक मॉडेलना रिव्हर्स मुळातच असतो. माझ्याकडे चार्जिंगला जागा नाही म्हणून पेट्रोल घेतली. तुमचे दोन्ही पाय कमजोर असतील तर रिव्हर्सशिवाय गाडी घेऊ नका. इलेक्ट्रिक बघत असाल तर आधी कीटवाल्याकडे जा, त्या मॉडेलला तो कीट बसवतो का, आधी बसवलेली एखादी गाडी दाखवतो का ते विचारा, आणि मगच शोरूममध्ये पैसे भरा.