स्टॅन ली की क्रम्ब: कोणता माहितीपट आधी पाहावा?

कॉमिक्सकाराचं आयुष्य पडद्यावर पाहायचं असेल, तर मी आधी 'क्रम्ब' पाहायला सांगेन. टेरी झ्विगॉफचा हा 1994 चा माहितीपट अमेरिकन कॉमिक्सकार रॉबर्ट क्रम्बच्या घरात थेट शिरतो. थोरला भाऊ चार्ल्स आईच्या घरी एका खोलीत अडकून पडलेला. लहानपणी त्यानेच भावंडांना चित्रकथा काढायला लावलं होतं. चित्रपट लोकांसमोर येण्याआधीच त्याने आत्महत्या केली. हे कळल्यावर त्याचं प्रत्येक वाक्य काळीज पिळवटतं. क्रम्बची काही चित्रं किळसवाणी, स्त्रियांना दुखावणारी आहेत, आणि तो आक्षेप घेणाऱ्यांनाही चित्रपटात जागा आहे.

मार्व्हल या कॉमिक्स कंपनीचा लेखक-संपादक स्टॅन ली याच्यावरचा 2023 चा 'स्टॅन ली' दिसायला देखणा आहे. जुन्या मुलाखतींतून ली स्वतःच आपली गोष्ट सांगतो, भूतकाळातले प्रसंग छोट्या बाहुल्यांनी उभे केलेत. ऐकायला गोड वाटतं. पण निर्मिती मार्व्हलची, त्यामुळे कथा कंपनीला सोयीची. फँटास्टिक फोर हे सुपरहिरो कोणाच्या डोक्यातून आले, लीच्या की चित्रकार जॅक कर्बीच्या? हा वाद येतो, पण शेवटचा शब्द लीच्याच बाजूने झुकतो. कर्बीच्या मुलाने त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली, ती मला रास्त वाटते. मुलांसोबत बसून पाहायचा असेल तर मात्र हाच. 'क्रम्ब' फक्त मोठ्यांसाठी.