पूर्व भागातले पेंटरकाका, हाताने रंगवलेले निवडणुकीचे पोस्टर : ५ पैकी ४

आधी हे सांगतो की मी फ्लेक्सवाल्याकडे का नाही गेलो, कारण घरच्यांपासून मित्रांपर्यंत सगळ्यांनी तेच विचारलं. आपल्या सोलापुरात कुणाच्या भाच्याचा पहिला वाढदिवस असला तरी चौकात हा एवढा फ्लेक्स लागतो, आणि मी निवडणुकीला उभा राहून पेंटर शोधत फिरतोय म्हणल्यावर मित्र म्हणाला येडा झालास काय बे. पण मी शिकायला हैदराबादला आहे, आमच्या युनिव्हर्सिटीत स्टुडंट युनियनची निवडणूक लिंगडोह समितीच्या नियमांनी होते, आणि त्या २००६ च्या नियमांत छापील पोस्टर, छापील पत्रक काहीच चालत नाही, फक्त हाताने केलेलं. विकत घेतलेलं चालतं पण ते खर्चात धरायचं, खर्च एका उमेदवाराला ५००० च्या आत, आणि निकालानंतर २ आठवड्यांत हिशोब द्यायचा. जास्त निघाला तर निवडून आलेला पण बाद. हा हिशोब लक्षात ठेवा, पुढं त्यावरच एक स्टार कापलाय.

मागच्या वर्षी कौन्सिलर झालो, यंदा परत उभा आहे. पदाधिकाऱ्याला आयुष्यात एकदाच उभं राहता येतं, कार्यकारिणीच्या मेंबरला दोनदा, म्हणजे माझी ही दुसरी आणि शेवटचीच. मागच्या वेळी पण पोस्टर याच काकांकडून केले होते. हैदराबादला पेंटर नाहीत असं नाही, पण ज्याला मी मराठीत समजावून सांगेन आणि तो तेलुगूत लिहून देईल असा माणूस सोलापूर सोडून कुठं मिळणार सांगा, आपल्या पूर्व भागात तर तेलुगू बोलणारे पद्मशाली लोकच जास्त. अशोक चौकाकडून आत गल्लीत शिरलं की दुकान म्हणजे एक शटर, बाहेर रंगाचे डबे, आत पद्मशाली समाजाचं दैवत मार्कंडेयाचा फोटो. बोर्डावर नाव पण नाही. दुसऱ्यांचे बोर्ड रंगवणाऱ्याचा स्वतःचा बोर्ड कोरा, हे मला लय आवडलं.

अक्षर म्हणाल तर तोड नाही. दोऱ्याला खडू लावून टण्णकन रेघ मारतात, पट्टी नाही की पेन्सिल नाही, आणि चपट्या ब्रशने थेट अक्षर. तेलुगूची गोल अक्षरं तर बघत बसावं अशी, एका फटक्यात वळण आणि वरची ती टिकली शेवटी. एका बॅनरवर 'मी ओटु' लिहिलेलं बघून मी म्हणालो काका हे 'मी' काय, मीच मला मत देऊ का? ते हसायला लागले. तेलुगूत 'मी' म्हणजे तुमचं, 'मी ओटु' म्हणजे तुमचं मत. एक वर्ष हैदराबादला राहून मला हे माहीत नव्हतं, आणि मी तिथं विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी!

आता खरी गोष्ट. मी मजकूर लिहिलेला कागद दिला तर त्यांनी तो वाचून खाली ठेवला आणि म्हणाले, "मागच्या साली 'लायब्ररी रात्रभर उघडी' लिहिलतो की मी. झाली का ओ?" मी म्हणालो झाली काका, म्हणजे परीक्षेच्या दिवसांत झाली, एरवी नाही. "मग इथं नुसतं 'करून दाखवलं' लिहिलाव तुमी." मी गप्प. पोरांनी विचारलं असतं तर मी कमिटी, मंजुरी, वॉचमनची ड्युटी असं काहीतरी सांगून निसटलो असतो, पण इथं ज्याने ते आश्वासन स्वतःच्या हाताने रंगवलं तोच समोर ब्रश घेऊन बसलाय. शेवटी तेच म्हणाले, 'परीक्षेपुरती' घालतो, जागा आहे. घातलं. त्याचे पैसे पण नाही घेतले. पहिल्यांदा उभं राहताना काय वाटेल ते लिहिता येतं हो, दुसऱ्यांदा आधीचं पोस्टर कुणाच्या तरी लक्षात असतंच. मेसच्या रांगेचं आश्वासन मी यंदा गुपचूप गाळलं होतं, ते काकांच्या लक्षात आलं नाही किंवा आलं असून बोलले नाहीत.

आता तक्रारी. शनिवारी देतो म्हणाले, मी ७५ टक्के हजेरीची अट आहे म्हणून शुक्रवारचं शेवटचं लेक्चर करून रात्रीच्या बसने उमरगा नळदुर्ग करत आलो, तर शनिवारी निम्मंच काम झालेलं. कारण काय तर नारळी पौर्णिमेचा मार्कंडेयाचा रथोत्सव तोंडावर, सगळ्या पूर्व भागाचे बोर्ड त्यांच्याकडे. मान्य आहे, देवापुढं आमची निवडणूक काय, पण फोन करून सांगायचं ना. रविवारी दुपारी हातात आले ते पण ओले, दोन चार्ट गुंडाळीत एकमेकांना चिकटले. आणि मराठीवाल्या पोस्टरवर 'विध्यार्थी'! तेलुगू एकदम चोख आणि मराठीत हे. पांढरा मारून दुरुस्त केलं पण जवळून बघितलं की खालचा 'ध्य' दिसतोच.

बिलाचं तर विचारूच नका. १२ पोस्टर १५० प्रमाणे १८००, मांजरपाटाचे २ कापडी बॅनर ४५० प्रमाणे ९००, एकूण २७००. रेट योग्य, कामाच्या मानाने कमीच. पण बिल म्हणजे वहीचा फाडलेला कागद, त्यावर फक्त '२७०० आले' आणि सही. तारीख नाही, कशाचे ते नाही. असला कागद हिशोबाला लावला तर समोरच्या पॅनलला आयतंच कोलीत. परत जाऊन लिहून आणायला माझी बस चुकायची वेळ आली. आईने हॉस्टेलच्या पोरांसाठी दिलेली दोन किलो शेंगा चटणी त्या गडबडीत दुकानातच राहिली. एका अर्थी बरंच झालं, मतदानाच्या आठवड्यात वाटली असती तर लाच म्हणून तक्रार झाली असती.

कुणाला जायचं असेल तर सकाळी ११ नंतर जा, त्याआधी शटर उघडत नाही. रथोत्सव आणि गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस टाळा, नाहीतर चार दिवस जास्तीचे धरून चाला. मराठी मजकूर मोठ्या अक्षरात लिहून द्या आणि रंगवताना समोर उभे राहा. बिलावर तारीख, नग, दर सगळं आपल्यासमोर लिहून घ्या. आणि चटणी कुणी खाल्ली ते मला माहीतच आहे, काकांचा फोन आला होता, तिखट कमी होतं म्हणे.