अपूचा डबा तिसऱ्यांदा घ्यायचा का?

सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीचा ('पथेर पांचाली', 'अपराजितो', 'अपूर संसार') फोर-के डिस्कचा डबा अमेरिकेतल्या क्रायटेरियन कंपनीनं २०२४ मध्ये काढला. डीव्हीडीपेक्षा बारीक चित्र ब्ल्यू-रे डिस्कचं, तिच्याहून बारीक फोर-केचं. याच तीन चित्रपटांचा, याच कंपनीचा २०१५ चा ब्ल्यू-रे डबा माझ्याकडे आहे, आणि त्याच्याही आधीची आपल्याकडे निघालेली डीव्हीडी आहे. म्हणजे प्रश्न तिसऱ्यांदा पैसे घालायचा. नागपूरच्या एका डॉक्टर मित्रानं नवा डबा घेतला आणि प्लेअरसकट काही दिवस माझ्याकडे ठेवला, म्हणून हे लिहितो. ज्यांच्याकडे २०१५ चा डबा आहे त्यांनी नवा घेऊ नये. ज्यांच्याकडे नुसती डीव्हीडी आहे त्यांनी आज ना उद्या ती बदलावीच, पण त्यासाठी फोर-केच हवं असं काही नाही.

माझं गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी व्हीसीआर भाड्यानं द्यायचो, लग्नात, गणपतीत, मार्कंड्याच्या जत्रेत. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागला की व्हिडिओला कुत्रं विचारत नसे. वडशाची नाटक मंडळी येणार म्हटलं की सगळं गाव मंडपात. उरलेल्या महिन्यांत मात्र धंदा बरा चाले. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "प्रिंट कशी आहे?" पिच्चर कोणता हे नंतर. जुना चित्रपट नव्यानं डिस्कवर आला की मी अजून तेवढंच विचारतो. डब्यावर छापलेला मोठा आकडा मागाहून.

कारण आकड्यांचं गणित सोपं आहे. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीच्या एका चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाखांच्या वर ठिपके. ब्ल्यू-रेत वीस लाखांवर, फोर-केत ८३ लाखांच्या आसपास. पण झिजलेल्या प्रिंटवरून ८३ लाख ठिपके उचलले तर ८३ लाख ठिपक्यांत झीजच दिसणार. स्कॅन कशावरून केलं, मूळ निगेटिव्हवरून (कॅमेऱ्यातून निघालेल्या पहिल्या फिल्मवरून) की चौथ्या पिढीच्या, म्हणजे प्रतीच्या प्रतीवरून काढलेल्या प्रिंटवरून, आणि कधी केलं, हे डब्याच्या मागे बारीक अक्षरात असतं. चष्मा लावून तेवढं वाचावं.

माझी डीव्हीडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. 'पथेर पांचाली'त काळं कुठेच नाही, सगळा राखाडी रंग. चित्र कडेला थरथरतं, आणि कोपऱ्यात कंपनीचं बोधचिन्ह सुरुवातीपासून शेवटपर्यंत चिकटलेलं. अपूची बहीण दुर्गा पावसात भिजते त्या प्रसंगात उभ्या रेघांपैकी पाऊस कोणता आणि प्रिंटवरचे ओरखडे कोणते, हे समजायला मार्ग नाही. तरीही ती डीव्हीडी मी कित्येक वर्षं पाहिली. दुसरं होतंच काय?

२०१५ चा डबा वेगळा का झाला यामागे एक आग आहे. १९९३ मध्ये लंडनच्या हेंडरसन लॅबमध्ये आग लागली, त्यात या तिन्ही चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. फेकून न देता ती जळकी रिळं अमेरिकेत ऑस्कर देणाऱ्या अकादमीकडे ठेवली गेली. वीस वर्षांनी क्रायटेरियननं ती काढली आणि इटलीत बोलोन्याच्या लिमाजिने रित्रोवाता या प्रयोगशाळेत पाठवली. तिथं ठिसूळ झालेल्या फिल्मला आधी ओलावा देऊन नरम केलं, मग हातानं साफ केलं, चिकटवलं, फिल्मच्या कडेची फाटलेली भोकं दुरुस्त केली. 'पथेर पांचाली'चा ४० टक्के आणि 'अपराजितो'चा ६० टक्क्यांहून जास्त भाग अशा रीतीनं मूळ निगेटिव्हवरून मिळाला. 'अपूर संसार'च्या निगेटिव्हचा उपयोग होण्यासारखा भाग राहिलाच नव्हता, तो चित्रपट दुसऱ्या चांगल्या प्रतींवरून करावा लागला. मी हातात सोल्डरिंग गन धरून आयुष्य काढलं. जळलेलं सर्किट पाहून "आता नवीन बोर्ड टाका" म्हणायची आम्हाला सवय, म्हणून या कामाचं मोल मला जरा जास्तच वाटतं.

आता पडद्यावर काय दिसतं ते. 'पथेर पांचाली'त पावसाळा यायच्या आधी तळ्याच्या पाण्यावर किडे धावतात. डीव्हीडीत ते नुसते डाग होते. ब्ल्यू-रेत प्रत्येक किड्याचे पाय पाण्याला जिथं टेकतात तिथं पडलेला खळगा दिसतो, आणि त्याच्या हलण्यानं सुटलेली गोल लाट दुसऱ्या लाटेला जाऊन भिडते. कास नावाच्या उंच, पांढऱ्या तुऱ्यांच्या गवताच्या रानातल्या आगगाडीच्या प्रसंगात तुऱ्यांचे केस सुटे दिसतात. या कासाची एक गोष्ट आहे. रायनी पहिल्या दिवशी तिथं शूटिंग केलं आणि आठवड्यानं परत गेले, तोवर गुरांनी सगळे तुरे फस्त केले होते. पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागलं. आमच्याकडे ही गोष्ट सांगितली की कोणी हळहळत नाही, "राखण ठेवाले पायजे होता ना गा" म्हणतात.

'अपराजितो'त काशीच्या घराचं अंगण आहे, ते स्टुडिओत बांधलेलं. सुब्रत मित्र या कॅमेरामननं वर पांढरं कापड ताणलं, दिवे त्या कापडावर मारले आणि परतून खाली येणाऱ्या उजेडात चित्रण केलं. डीव्हीडीत ते अंगण नुसतं मळकट दिसायचं. ब्ल्यू-रेत पाहा, माणसाची सावली कुठेच कडक पडत नाही. उंच भिंतींच्या मधून आकाशाचा जेवढा उजेड खाली उतरावा तेवढाच उतरलेला. एवढं पाहण्यासाठी दुसऱ्यांदा दिलेले पैसे मला वसूल वाटतात.

आवाजाची परीक्षा माझ्याऐवजी एका आजींनी घेतली. आमच्या मुलचेरा-घोटच्या बाजूला बंगाली गावं आहेत, पूर्व पाकिस्तानातून आलेली कुटुंबं सरकारनं साठच्या दशकात इथं वसवली. तिकडचा एक गिऱ्हाईक टीव्ही घ्यायला आईला सोबत घेऊन आला, आणि मी चाचणीला लावलेली डिस्क पाहून आजी स्टुलावर बसल्या त्या उठेनात. 'पथेर पांचाली'त म्हातारी आत्या आहे, इंदिर ठाकरुन. चुनीबाला देवी ही ऐंशीच्या घरातली नटी ते काम करते, तोंडात दात नाहीत, शब्द तोंडातच राहतात. डीव्हीडी लावली तेव्हा आजी दर वाक्याला मुलाला विचारत होत्या, काय म्हणाली, काय म्हणाली. ब्ल्यू-रे लावली तर विचारायच्या थांबल्या आणि त्या म्हातारीच्या बोलण्याला स्वतःच उत्तरं देऊ लागल्या. मला बंगाली येत नाही. आवाज सुधारला याचा यापेक्षा मोठा पुरावा मला नको.

मग फोर-के डबा? त्यात वापरलंय ते काम २०१५ चंच. तेव्हाच फोर-केत केलेलं, फक्त ब्ल्यू-रेत बसवताना लहान करावं लागलं होतं, आता पूर्ण मापात दिलं. घरच्या ४३ इंची टीव्हीवर दहा फुटांवर बसून मी दोन्ही आलटून पालटून लावले. फरक शून्य. दुकानात दुरुस्तीला आलेल्या ५५ इंची टीव्हीवर तीन फुटांवर नाक नेलं तेव्हा 'पथेर पांचाली'त फिल्मचा दाणा, म्हणजे चित्रात हलणारे बारीक कण, जास्त बारीक आणि शांत दिसला. 'अपूर संसार'मध्ये तेवढाही फरक मला सापडला नाही, आणि मूळ निगेटिव्हच नसेल तर तो येणार कुठून? ज्यांच्याकडे प्रोजेक्टर आहे, भिंतभर चित्र पाहतात, त्यांची गोष्ट निराळी. आमच्याकडच्या घरांत तेवढी मोकळी भिंत असली तर तिथं धानाची पोती लागतात.

बायको मात्र आधीपासून वेगळ्याच मुद्द्यावर होती. "तोच पिच्चर घडीघडी कायले घेता जी? गोष्ट बदलली का?" तिची दुसरी तक्रार अशी की पडदा दोन्ही बाजूंनी काळा का. तर या चित्रपटांची चौकटच जवळजवळ चौकोनी आहे, रुंद टीव्हीवर बाजूला काळ्या पट्ट्या राहणारच. रिमोटनं चित्र ताणून भरू नका, सगळी माणसं बुटकी आणि जाड होतात. सबटायटल्स मात्र फक्त इंग्रजी, हा खरा तोटा आहे. घरातल्यांना मलाच सांगत बसावं लागतं.

पण "गोष्ट बदलली का" हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. 'शोले' घ्या. १९७५ मध्ये आणीबाणीत सेन्सॉरनं शेवट बदलायला लावला, मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारतो. तो मूळ शेवट असलेली दुरुस्त प्रत २०२५ मध्ये बोलोन्यातच महोत्सवात दाखवली. ती चांगल्या डिस्कवर आली तर मी रांगेत पहिला, कारण तिथं गोष्टच बदलली. जपानी दिग्दर्शक कुरोसावांचा 'सेव्हन समुराई' दुसऱ्या प्रकारचा. क्रायटेरियननं तो १९९८ ला डीव्हीडीवर, २००६ ला पुन्हा डीव्हीडीवर, २०१० ला ब्ल्यू-रेवर आणि २०२४ ला फोर-केत विकला. चारही वेळा घेणारी माणसं आहेत. यातलं २०२४ चं काम जपानच्या तोहो कंपनीनं नव्यानं केलं आहे, म्हणून १९९८ ची डीव्हीडी असणाऱ्यानं मधले दोन टप्पे सोडून थेट तेच घ्यावं. आणि आपल्या प्रभातचा 'संत तुकाराम' कोणी नव्यानं स्कॅन करून काढला तर मी डीव्हीडी, ब्ल्यू-रे असा फरकही करणार नाही. पुण्यात जानेवारी २००३ च्या आगीत नायट्रेटची, म्हणजे पटकन पेट घेणाऱ्या फिल्मची, किती तरी जुनी रिळं गेली, त्यामुळे जे उरलंय त्याला दुप्पट पैसे द्यायलाही माझी तयारी आहे.

पैशाचं म्हणाल तर डॉक्टरांना नवा डबा पाठवणावळ आणि कस्टम धरून साडेतेरा हजारांना पडला. २०२४-२५ चा धानाचा हमीभाव साधारण प्रतीला २३०० रुपये क्विंटल. म्हणजे जवळजवळ सहा क्विंटल धान. माझा जुना डबा भाच्यानं अमेरिकेहून येताना बॅगेत आणला होता, कस्टमची भानगड नाही. असा भाचा असेल तर हिशेब बराच बदलतो.

घेणाऱ्यांनी एक अडचण आधीच समजून घ्यावी. ब्ल्यू-रेला जगाचे तीन विभाग आहेत, अमेरिका ए, युरोप बी, भारत सी. क्रायटेरियनच्या ब्ल्यू-रे ए विभागाच्या, आपल्या प्लेअरवर लागत नाहीत. डीव्हीडी प्लेअरचं विभागाचं कुलूप बरेचदा रिमोटचे आकडे दाबून निघतं, ब्ल्यू-रेचं सहसा निघत नाही, पेटी उघडून काम करावं लागतं. फोर-के डिस्कना विभाग नसतो, त्या कुठेही चालतात, आणि फोर-के डबा घेण्याचं आपल्यासाठी एवढंच एक पटणारं कारण आहे. पण सौमित्र चॅटर्जी, शर्मिला टागोर यांच्या मुलाखती आणि दुरुस्तीच्या कामावरची फिल्म हा सगळा ऐवज त्याच डब्यातल्या ब्ल्यू-रेवर आहे, तो बंदच राहतो. मी भाच्याकडूनच अमेरिकन प्लेअर आणवला आणि २२० चे ११० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर लावून चालवतो. ट्रान्सफॉर्मर न लावता असा प्लेअर थेट भिंतीत खोचला तर तो लगेच माझ्याच दुकानात येईल. आणि आमच्यासारखं व्होल्टेज नाचत असेल तर मध्ये स्टॅबिलायझर हवाच.

डिस्क सांभाळायला अवघड नाही. ब्ल्यू-रेची माहिती पृष्ठभागाच्या फार जवळ, ०.१ मिलिमीटरवर असते, म्हणून तिला कडक लेप दिलेला असतो आणि साधे ओरखडे पडत नाहीत. व्हीएचएसच्या कॅसेटला पावसाळ्यात बुरशी यायची तो त्रास यात नाही. धूळ मात्र लेन्सवर बसते. मागवायची असेल तर दिवाळीनंतर मागवा आणि पत्ता गडचिरोलीतल्या ओळखीच्या दुकानाचा द्या. पावसाळ्यात पुलावरून पाणी गेलं की कुरिअरवाला "पत्ता सापडला नाही" असं लिहून पार्सल परत पाठवतो.