मूडलमधील विषयविभाग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील एका वाड्याच्या माडीवर भरणाऱ्या आमच्या अभ्यासवर्गाने गेल्या जूनमध्ये आपले ऑनलाइन शिकवणीचे संकेतस्थळ मूडलवर नेले. आज तेथे ४३ कोर्स, ९ शिक्षक आणि दोनशेच्या आसपास विद्यार्थी आहेत. बहुतेक मुले घरी मराठी बोलणारी, पण शाळेत गुजराती किंवा इंग्रजी माध्यमातून शिकणारी आहेत. मूडल ही ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे मार्टिन डौगियामस यांनी सुरू केलेली, ऑनलाइन कोर्स चालवण्याची प्रणाली असून तिची पहिली आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये निघाली आणि ती आजही विनामूल्य वापरता येते, एवढा परिचय पुरे. या लेखात मी तिच्या एकाच अंगाविषयी लिहीत आहे: कोर्स ज्यांत ठेवले जातात ते विषयांचे विभाग, ज्यांना ती कॅटेगरी म्हणते. मी एका शाळेच्या ग्रंथालयात २६ वर्षे काम केले असल्यामुळे विभागणीचे काम आपसूकच माझ्याकडे आले, आणि ते आपल्याला येते असा माझा समजही होता.

नव्या मूडलमध्ये एकच कोरा विभाग तयार असतो. त्याखाली उपविभाग, त्यांच्याखाली आणखी उपविभाग असे हवे तितके थर करता येतात, आणि नेमकी हीच सोय नवशिक्याला गोत्यात आणते. मी वर भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र आणि कला असे पाच विभाग केले. प्रत्येकात इयत्ता, इयत्तेत माध्यम, आणि काही ठिकाणी माध्यमात पहिले व दुसरे सत्र. कागदावर हे झाड फार देखणे दिसत होते. प्रत्यक्षात साठाच्या वर फांद्या झाल्या, त्यांतील अर्ध्याहून अधिक रिकाम्या होत्या, आणि पाहुणा म्हणून आत डोकावणाऱ्या पालकाला आठवीच्या गणितापर्यंत पोहोचण्यासाठी चार वेळा टिचकी मारावी लागत होती.

पहिली अडचण आली ती ‘विज्ञानातील मराठी शब्द’ या छोट्या कोर्समुळे. मूडलमध्ये एक कोर्स एकाच विभागात राहू शकतो. भाषेत ठेवला तर विज्ञानात दिसत नाही आणि विज्ञानात ठेवला तर भाषेत. ग्रंथालयात काम केलेल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डेन यांना बोलावून बडोदे संस्थानाची ग्रंथालये उभारली, तेव्हा बोर्डेन यांनी ड्युई आणि कटर या अमेरिकन ग्रंथपालांच्या पद्धतींची सांगड घालून येथल्यासाठी वेगळी वर्गीकरण पद्धत बसवली होती. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत काचेच्या जमिनीवरून लोखंडी मांडण्यांमधून फिरताना कोणालाही एक गोष्ट दिसेल: पुस्तक एका फळीवर एकदाच उभे राहते, लेखकाचे, शीर्षकाचे आणि विषयाचे अशी अनेक कार्डे असतात ती तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या सूचीत. मूडलचा विभाग ही फळी आहे, कार्ड नव्हे. मी मात्र जून आणि जुलै हे दोन महिने फळीकडून कार्डाचे काम करून घेण्याचा प्रयत्न करीत होते.

मूडलमध्ये कार्डाची कामे दुसरीकडे होतात. एक म्हणजे टॅग: कोर्सच्या सेटिंगमध्ये हवे तितके टॅग लावता येतात, आणि एका टॅगवर गेले की तो टॅग असलेले सगळे कोर्स, मग ते कोणत्याही विभागात असोत, एकत्र दिसतात. दुसरे म्हणजे शोधपेटी. ती कोर्सचे पूर्ण नाव, लघुनाव आणि सारांश या तिन्हींत शोधते, हे समजल्यावर आम्ही प्रत्येक सारांशाच्या शेवटी पालक प्रत्यक्ष टाइप करतात ते शब्द घातले: ‘गणित’ बरोबर ‘मॅथ्स’, ‘समाजशास्त्र’ बरोबर ‘सामाजिक विज्ञान’, आणि हेच शब्द गुजराती लिपीतही. या अर्ध्या दिवसाच्या कामाने जेवढे साधले तेवढे माझ्या साठ फांद्यांनी साधले नव्हते.

त्याहून मोठा धक्का ऑगस्टमध्ये बसला. दहावीच्या एका मुलीला मी विचारले की विभागांची रचना कशी वाटते; तिने विचारले, “कोणते विभाग, काकू?” तिचे म्हणणे खरे होते. मूडलच्या ४.० या आवृत्तीपासून ‘माझे कोर्स’ असे वेगळे पान आले आहे, आणि ज्या मुलाचे नाव कोर्समध्ये घातलेले आहे ते मूल त्या पानावरून थेट आत जाते. विभागांचे झाड त्याच्या वाटेत येतच नाही. ते पाहतो तो अजून नाव न घातलेला पालक, आणि रोज पाहतो तो व्यवस्थापक.

मग विभाग कशासाठी आहेत? आठ महिन्यांनंतर माझे मत असे आहे की मूडलमधील विभाग ही मुळात अधिकारांची आखणी आहे आणि विषयांची यादी ती नंतर आहे. विभागावर एखाद्याला मॅनेजर नेमले की त्याखालच्या प्रत्येक उपविभागात आणि प्रत्येक कोर्समध्ये तो अधिकार आपोआप झिरपतो. विभागाच्या पातळीवर विद्यार्थ्यांचा समूह, म्हणजे कोहॉर्ट, केला की तो त्या विभागातील सर्व कोर्सना उपलब्ध होतो आणि तीस मुलांची नावे प्रत्येक कोर्समध्ये पुन्हा पुन्हा घालावी लागत नाहीत. विभाग लपवला की आतले सगळे कोर्स मुलांच्या नजरेआड जातात, आणि पुन्हा उघडला की जे आधी दिसत होते तेवढेच दिसू लागतात. ही तिन्ही कामे विषय कोणता यावर ठरत नाहीत; जबाबदारी कोणाची यावर ठरतात.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे मोडून पुन्हा मांडले. आता वर चारच विभाग आहेत: भाषा, गणित-विज्ञान, कला, आणि मागील वर्षे. पहिल्या तिन्हींना एकेक जबाबदार शिक्षक आहे. त्यांखाली फक्त इयत्ता आहेत. माध्यम कोर्सच्या नावात आणि टॅगमध्ये गेले, सत्र कोर्सच्या आतील भागांत गेले. ‘मागील वर्षे’ हा विभाग लपवलेला आहे.

येथे एक चूक माझ्या हातून झाली. पहिल्या सत्राचा सरावाचा एक कोर्स मी डिसेंबरमध्ये ‘मागील वर्षे’ मध्ये हलवला. दुसऱ्या दिवशी गणिताच्या सरांचा फोन: “ताई, कोर्स पुसलात की काय? मला दिसतच नाही.” कोर्स जागेवर होता, सरांचा अधिकार गणित-विज्ञान विभागातून झिरपलेला होता आणि कोर्सने विभाग सोडताच तो संपला. त्यातच दुसरी गोम अशी की विभागावरचा मॅनेजर हा कोर्समध्ये नाव घातलेला शिक्षक नसतो, त्यामुळे त्याच्या ‘माझे कोर्स’ यादीत ते कोर्स येत नाहीत. म्हणून आता आम्ही विभागाचा अधिकार आणि कोर्समधील शिक्षकाची नोंद या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या करतो. काम दुप्पट वाटते, पण असे फोन थांबले.

क्रमाची गोष्ट मराठीत काम करणाऱ्याला विशेष सोसावी लागते. नावानुसार क्रम लावा असे सांगितले की मूडल प्रामाणिकपणे आठवी, दहावी, नववी, सहावी, सातवी अशी रांग लावते. विभागाला ओळखक्रमांक देण्याची सोय आहे; त्यात ‘ग-०६’, ‘ग-०७’, ‘ग-०८’ असे विभागाचे अक्षर आणि दोन अंक भरले (एकच क्रमांक दोन विभागांना चालत नाही) आणि त्यानुसार क्रम लावला की इयत्ता सरळ होतात. कोर्सचे लघुनाव संपूर्ण संकेतस्थळावर एकदाच वापरता येते, म्हणून नुसते ‘गणित’ चालत नाही. आम्ही ‘ग-०८-गुज’, ‘ग-०८-इं’ अशी लघुनावे ठरवून माडीवरच्या फळ्यावर लिहून ठेवली आहेत. नावांवरून वादही झाला. आमच्यातील तरुण शिक्षकांनी गुजरातीच्या सवयीने विभागांना ‘धोरण ८’, ‘धोरण ९’ अशी नावे दिली होती. वडोदऱ्यात हे कोणालाही खटकले नाही, पण पुण्याहून नातीसाठी चौकशी करणाऱ्या एका आजोबांनी तुमचे आठवे धोरण नेमके कशाविषयी आहे असे विचारले. आता मराठी नाव ‘इयत्ता’ आणि गुजराती नाव ‘धोरण’ अशी दोन्ही नावे ठेवली आहेत. बहुभाषिक फिल्टर मजकुराबरोबर शीर्षकांनाही लागू केला की ज्याने जी भाषा निवडली असेल तिच्यातील नाव त्याला दिसते.

रिकाम्या फांद्या छाटताना एक सावधगिरी आवश्यक आहे. विभाग पुसताना मूडल विचारते की आतील सामान दुसऱ्या विभागात हलवायचे की सगळेच पुसायचे. नेहमी हलवण्याचा पर्याय निवडावा. एकेकटा पुसलेला कोर्स त्या विभागाच्या कचरापेटीत काही दिवस सापडतो. मूळ मुदत सात दिवसांची असते आणि ती वाढवता येते. परंतु विभागच सामानासकट पुसला तर कचरापेटीही त्याच्याबरोबर जाते. आम्ही छाटणीपूर्वी प्रत्येक कोर्सचा बॅकअप उतरवून घेतला होता, त्यामुळे मला शांत झोप लागली.

तक्रारी म्हणाल तर दोन. कोर्सला दुय्यम विभाग देता आला असता तर टॅगांवरचा भार हलका झाला असता. आणि विभाग व कोर्स सांभाळण्याचे पान मोबाइलवर वापरणे मला तरी जमले नाही. त्या कामासाठी मी आजही माडीवरच्या जुन्या संगणकापाशीच बसते. उलट, जूनमध्ये ४३ कोर्स एकेक करून उभारण्याऐवजी सीएसव्ही फाइलमधून, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलमधून, प्रत्येक ओळीत विभागाचा ओळखक्रमांक देऊन, एकदम चढवता येतात हे मला आधी माहीत असते तर माझे दोन आठवडे वाचले असते.

‘विज्ञानातील मराठी शब्द’ हा कोर्स सध्या भाषा विभागात आहे, कारण त्यात दर महिन्याला भर घालणाऱ्या ताई भाषेच्या आहेत. त्याला दोन्ही विषयांचे टॅग आहेत, आणि विज्ञानाचे सर त्याचा दुवा आपल्या प्रत्येक कोर्सच्या पहिल्याच भागात ठेवतात.