पाच रेंजफाइंडर आणि एक बैठक: शटरच्या आवाजाचा अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी ओळखीच्या एका घरी गाण्याची बैठक होती. पंचवीस-तीस माणसं, माइक नाही, दोन तानपुरे. विलंबित ख्याल नुकता कुठे उलगडायला लागला होता आणि मी माझ्या जुन्या एसएलआरचं, म्हणजे लेन्समागे हलणारा आरसा असलेल्या फिल्म कॅमेऱ्याचं, बटण दाबलं. आरसा वर, शटर, आरसा खाली. धाडकन. पुढे बसलेल्या आजोबांनी मान वळवली, तबलजी गालातल्या गालात हसले. मध्यंतरात चहा घेताना गायिकाबाई म्हणाल्या, "अगं, तुझं ते यंत्र माझ्या गंधारावर खोकलं की!" त्या रागावल्या असत्या तर मला कमी लागलं असतं.

तेव्हापासून हा उद्योग सुरू झाला. अकरा महिन्यांत पाच रेंजफाइंडर, म्हणजे लेन्समधून नव्हे तर बाजूच्या वेगळ्या खिडकीतून बघून फोकस करायचे फिल्म कॅमेरे, आलटूनपालटून वापरले. मामाने सत्तरच्या दशकात सिंगापूरहून आणलेला कॅनोनेट क्यूएल१७ जी-३, जुन्या बाजारात रविवारी सापडलेला याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन, परदेशातून मागवलेला सोव्हिएत झोर्की ४, मैत्रिणीकडून विकत घेतलेला फोइग्टलेंडर बेसा आर, आणि चार महिन्यांच्या बोलीवर उसना मिळालेला लायका एम३. पाचवा माझ्या मालकीचा नाही आणि होण्याचीही शक्यता नाही, हे आधीच सांगते, म्हणजे त्याच्याबद्दल जे लिहीन त्यात पैसे वसूल करण्याची धडपड दिसणार नाही.

रेंजफाइंडरला आरसा नसतो, म्हणून एसएलआरचा निम्मा गोंगाट मुळातच नाही. पण "रेंजफाइंडर म्हणजे शांत" हे सरसकट खरं नाही. कॅनोनेट आणि याशिकात लीफ शटर आहे: भिंगाच्या आतच बारीक पाती, मधून बाहेर उघडतात आणि परत मिटतात. पाती हलकी, जायचं अंतर काही मिलिमीटर. लायका आणि झोर्कीत रबर चढवलेल्या कापडाचे पडदे फिल्मसमोरून आडवे धावतात, ३६ मिलिमीटरची चौकट पार करतात आणि शेवटी त्यांना थांबवावं लागतं. या थांबण्यातच बराचसा आवाज असतो. बेसाचं शटर धातूच्या पात्यांचं, वरून खाली जाणारं. शिवाय आरसा नसल्यामुळे फिल्मवर प्रकाश झिरपू नये म्हणून त्यात पात्यांचा दुसरा संच आहे. म्हणजे एका फोटोला दोन शटरांची हालचाल.

आता हे मोजायचं कसं, तिथे पहिला घोळ झाला. मोबाइलवर डेसिबल दाखवणारं अ‍ॅप घेतलं. शटरचा आवाज इतका क्षणभंगुर की आकडा हलेपर्यंत तो संपलेला असायचा. मग मोबाइलवरच रेकॉर्ड करून ऐकलं, तर पाचही कॅमेरे जवळपास सारखे! मोबाइल मोठा आवाज आपणहून दाबतो आणि बारीक आवाज उचलतो, हे डोक्यात यायला मला दोन संध्याकाळी लागल्या. शेवटी हाताने पातळी ठरवता येणारा छोटा रेकॉर्डर आणला, रात्री एक वाजता पंखा बंद केला (एप्रिलमध्ये, हेही नोंदवून ठेवा) आणि एक मीटरवरून पाचही कॅमेरे १/३० सेकंदाच्या शटरवेगावर उडवले. बेसा, झोर्की आणि लायकाला ज्युपिटर-८ ही एकच ५० मिलिमीटरची लेन्स आळीपाळीने लावली. झोर्की आणि बेसाचा लेन्स बसवायचा आटा एकच, लायकाला मधे एक कडी लागते.

पण खरा निकाल आईने दिला. ती पलीकडच्या खोलीत पाठमोरी पेपर वाचत बसायची, आवाज आला की हात वर करायचा एवढंच काम. कॅनोनेटला हात वर नाही. याशिकाला नाही. लायकाला पाचांत एकदा, तोही अर्धवट. बेसाला दरवेळी. झोर्कीला हात वर झालाच नाही, थेट प्रश्न आला: "काय पाडलंस गं?"

याच प्रयोगात एक गोष्ट कळली जिच्यामुळे माझी सगळी आधीची मतं मला फिरवावी लागली. मला स्वतःला लायका कॅनोनेटपेक्षा बराच मोठा वाटायचा, इतका की पहिल्या महिन्यात बैठकीत तो काढायची भीती वाटे. आईला मात्र दोघांत फारसा फरक कळेना. कारण कॅमेरा माझ्या गालाला आणि कपाळाला टेकलेला. पडद्याचा धक्का हाडांतून थेट कानात जातो. कॅमेरा चेहऱ्यापासून वीतभर लांब धरून उडवून बघा, आवाज एकदम उतरतो. म्हणजे आपण जे ऐकतो ते समोरच्याला ऐकू येणारं नव्हेच. शटरच्या आवाजाबद्दल छातीठोक बोलणारे बहुतेक लोक स्वतःच्या गालफडाबद्दल बोलत असतात. त्यांत मीही होतेच.

एम३ बद्दल जरा सविस्तर लिहिते. कॅमेरा १९५४ साली आला, माझ्याकडचा सुरुवातीच्या काळातला, रोल पुढे सरकवायला खटका दोनदा ओढावा लागणारा. आवाज कसा आहे? 'खट' नाही आणि 'क्लिक' तर नाहीच. जाड पुस्तक गादीवर ठेवताना येतो तसा, 'थप्'. त्यात वरची टोकेरी बाजू नाही. माणसाचा कान साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो, त्यामुळे टोकेरी आवाज कमी ताकदीचा असला तरी बोचतो आणि बोदा आवाज जरा मोठा असला तरी खपून जातो. बेसाचा आवाज बोचणारा आहे. लायकाचा आवाज तबल्याच्या डग्ग्याखाली सहज मुरतो.

हे 'मुरणं' मी शब्दशः वापरलं. बटण समेवर दाबायचं. सम येते, तबलजी हात टाकतात, श्रोत्यांच्या माना हलतात, कुणाच्या तरी तोंडून दाद येते, त्या अर्ध्या क्षणात 'थप्' कुणाच्या बापाला कळत नाही. गंमत म्हणजे गाणाऱ्याचा चेहराही त्याच वेळी सगळ्यात मोकळा असतो. उलट आलापीत, नुसता तानपुरा चालू असताना, कुठलाही कॅमेरा उडवू नये. तानपुरा बारीकसारीक आवाज झाकतो खरा, पण त्यात एकसुरीपणा असतो आणि एकसुरी आवाजात मधेच आलेला ठिपका कान लगेच पकडतो.

एम३ ची अडचण वेगाच्या खालच्या टोकाला. मी एचपी५ हा ४०० चा रोल कमी उजेडासाठी १६०० ला ताणून, म्हणजे आहे त्यापेक्षा जास्त संवेदनशील धरून, वापरते, तरी पिवळ्या दिव्यांत कधीकधी १/८ पर्यंत उतरावं लागतं. तिथे आतली दातेरी चाकं वेळ मोजायला लागतात आणि पडदे सुटण्या-मिटण्याच्या मधे 'किर्रर्र' येतं. हीच किरकिर कॅनोनेटलाही १/४ वर येते. ही मात्र आईने दरवेळी ओळखली. याशिका इथे सगळ्यांच्या पुढे निघून जातो. त्याचं शटर इलेक्ट्रॉनिक आहे, वेळ चाकं मोजत नाहीत. अर्धा सेकंद असो की दोन, सुरुवातीला एक 'टिक्', शेवटी एक 'टिक्', मधे शांतता.

मग याशिकाच का नाही? कारण तो आवाज करत नाही, पण चमकतो. बटण अर्धं दाबलं की उजेड कमी असल्याचं सांगणारा पिवळा दिवा लागतो, आणि तो दिवा नुसता व्ह्यूफाइंडरमध्ये नाही, कॅमेऱ्याच्या डोक्यावरही आहे. अंधाऱ्या खोलीत बाजूच्या बाईंनी मला हळूच विचारलं, "काही रेकॉर्ड करताय का?" वरच्या दिव्यावर काळी इन्सुलेशन टेप लावली, प्रश्न मिटला. दुसरं, त्यात वेग आपल्या हातात नाही. अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचं तोंड किती उघडायचं ते, आपण ठरवायचं, बाकी तो बघतो. गाणारा हात हवेत फेकतो आणि याशिका निवांत १/८ ठरवतो. माझ्याकडे हात नसलेल्या गायकांचे बरेच फोटो आहेत.

आणि तिसरं म्हणजे रोल सरकवणं. शटरच्या आवाजावर सगळे बोलतात, वाइंड करण्याच्या आवाजावर कुणीच नाही. माझ्या मते बैठकीत निम्म्या वेळा पकडली जाते ती ही दुसरी चोरी. याशिकाचा खटका ओढताना आतून एक ठसठशीत 'टक्' येतो. तो दोष नाही, उलट तो यायलाच हवा. आत एक छोटं रबराचं बूच असतं, ते वर्षानुवर्षांनी भुगा होतं, आणि तसं झालं की हा 'टक्' गायब होतो आणि उजेड मोजणं बिघडतं. म्हणजे निरोगी याशिका बोलका, आजारी याशिका मुका. कॅनोनेटचा खटका कोरडा 'चर्र' करतो. लायकाचा दोन टप्प्यांत हळू ओढला तर साडीच्या निऱ्या सावरल्याइतका आवाज येतो. झोर्कीला खटका नाही, गोल मूठ पिळायची. सावकाश पिळली तर हा प्रकार सगळ्यात शांत, पण पुढचा फोटो मिळेपर्यंत द्रुत संपलेलं असतं. मी आता फोटो काढल्यावर लगेच वाइंड करत नाही. पुढच्या समेची किंवा टाळ्यांची वाट बघते.

झोर्कीबद्दल थोडक्यात: रस्त्यावर, देवळाच्या आवारात, लग्नात मस्त. घरात काढू नये. आणि वेग बदलण्याआधी शटर चढवलेलं असायलाच हवं, नाहीतर आतली यंत्रणा दुखावते. बैठकीच्या अंधारात हे पाळणं माझ्या कुवतीबाहेरचं.

बेसावर मात्र मी जरा अन्याय केला असं आता वाटतं. पहिली चाचणी मी फरशीच्या रिकाम्या खोलीत केली होती आणि 'खटाक्' असा घुमला की त्याला कपाटात टाकला. तीन महिन्यांनी भरलेल्या बैठकीत नेला तेव्हा निम्मा बोचरेपणा गेलेला. सतरंजी, लोड, तीस माणसांचे कपडे, हे सगळं टोकेरी आवाज पिऊन टाकतं. तरी नाटकाच्या तालमीत, दोन संवादांमधल्या शांततेत, दिग्दर्शकाने एकदा भुवई उचललीच. पण उन्हात याला तोड नाही. आतला उजेड मोजणारा मीटर, १/२००० चा वेग, आणि मुख्य म्हणजे धातूची पाती. कापडी पडद्याच्या रेंजफाइंडरला मधे आरसा नसतो. लेन्स उघडी ठेवून सूर्याकडे तोंड करून ठेवला तर भिंगातून पडद्याला भोक पडू शकतं. उसन्या लायकाला घेऊन मी मे महिन्यात कोकणात गेले नाही, ते एवढ्याचसाठी.

कॅनोनेट आता माझा नेहमीचा. आवाज 'टिच्', जीभ टाळूला लावून कुणी हलकेच चुकचुकावं तेवढा. ४० मिलिमीटरची एफ १.७ लेन्स, वेग माझ्या हातात. मूळची पाऱ्याची १.३५ व्होल्टची बॅटरी आता मिळत नाही. मी ६७५ नंबरची, कानाच्या यंत्रात घालतात ती बॅटरी घालते. औषधाच्या दुकानातल्या माणसाने विचारलं, "आजोबांसाठी का?" मी हो म्हटलं, कारण खरं कारण सांगितलं असतं तर ते त्याला जास्त खोटं वाटलं असतं. ऑटोवर ठेवला आणि उजेड पुरेसा नसेल तर कॅमेरा उडतच नाही, बटण अडतं. म्हणून बैठकीत मी मॅन्युअलवरच असते, उजेड मोबाइलवर मोजून.

याच कॅनोनेटने एकदा दगा दिला, म्हणजे त्याने नाही. एका दुरुस्तीवाल्याकडे साफसफाईला दिला होता. कॅमेरा परत आला तेव्हा आवाज आधीपेक्षा मऊ, मी खूश. दोन महिन्यांनी रोल धुऊन आला तर शेवटचे चौदा फोटो कोरे. शटरच्या पात्यांवर तेल पसरलं होतं. आतली कळ सुटत होती, 'टिच्' येत होता, पण पाती चिकटून जागची हलत नव्हती. लीफ शटरची पाती कोरडी ठकठकीत हवीत. तेव्हापासून रोल भरण्याआधी मागचं झाकण उघडून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून, दिव्यासमोर दहा वेळा उडवते आणि डोळ्यांनी बघते.

जुना घ्यायचा असेल तर दुकानात कान लावून एवढं करा. शटर इलेक्ट्रॉनिक नसेल तर त्याचा सगळ्यात हळू वेग लावा आणि किरकिर एकसारखी चालते का ऐका. मधेच रेंगाळली तर आत ग्रीस सुकलंय. कापडी पडदा असेल तर लेन्स काढून, मागून उजेडासमोर धरून, सुईच्या टोकाएवढी भोकं शोधा. याशिका असेल तर खटका ओढून तो 'टक्' येतो का बघा. विकणारा म्हणेल, "ताई, आवाज येतोय, पण चालतो व्यवस्थित." भाव तिथेच पाडून घ्या आणि गप घेऊन टाका.

लायका येत्या रविवारी परत जातोय. त्यात अजून नऊ फोटो शिल्लक आहेत आणि शनिवारी एका सतारीची बैठक आहे. तबलजी तेच आहेत, त्यांना मी आधीच सांगून ठेवलंय.