सकाळी सिगिरिया की पिदुरंगला, दुपारी मिन्नेरिया की कौडुल्ला?

श्रीलंकेत हबरणा किंवा दांबुल्ला येथे मुक्काम ठेवला, तर सिगिरिया किंवा पिदुरंगला या कातळाची चढाई आणि मिन्नेरिया किंवा कौडुल्ला या राष्ट्रीय उद्यानातील हत्तींची सफारी एका दिवसात सहज जमते. हत्ती कळपाने तलावाकाठी येऊ लागतात ते बहुधा उन्हे कलल्यावर. त्यामुळे दुपारी अडीच-तीनला जीप निघते आणि चढाईला सकाळच उरते.

पाचव्या शतकात पित्याची हत्या करून गादीवर बसलेल्या काश्यप राजाने सिगिरियाच्या सुमारे 180 मीटर उंच कातळावर राजवाडा बांधला. वर जाण्यास सुमारे 1200 पायऱ्या आहेत. वाटेत गोल जिन्याने चढून कातळाच्या खोबणीतील अप्सरांची चित्रे पाहताना अजिंठा आठवल्यावाचून राहत नाही. मात्र तेथे छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. पुढे आरसभिंतीवर, म्हणजे एके काळी आरशासारख्या चकचकीत असलेल्या भिंतीवर, जुन्या काळच्या प्रवाशांनी या चित्रांवर रचलेल्या कविता कोरलेल्या आहेत आणि त्यांपैकी 685 कविता पुरातत्त्वज्ञ सेनरत परणवितान यांनी वाचून 1956 मध्ये प्रसिद्ध केल्या. (आपल्या गडांवर नावे कोरणाऱ्यांनी हा दाखला देऊ नये; त्या लोकांना निदान छंद तरी येत होता.) शेवटचा जिना सिंहाच्या दोन प्रचंड पंजांमधून वर जातो.

समोरचा पिदुरंगला पुष्कळच स्वस्त आहे आणि अखंड सिगिरिया पाहावा तो त्याच्याच माथ्यावरून. मात्र तेथे राजवाड्याचे अवशेष नाहीत, शेवटच्या टप्प्यात शिळांना हात लावून स्वतःला वर ओढावे लागते आणि वाट बौद्ध विहारातून जात असल्याने खांदे व गुडघे झाकलेले असावे लागतात. गुडघे कुरकुरणाऱ्यांना पायऱ्या अधिक असूनही कठड्यांचा सिगिरियाच बरा. पिदुरंगल्यावरचा सूर्यास्त नावाजलेला असला, तरी सफारीच्या दिवशी तो हुकतोच. तेव्हा बॅटरी घेऊन पहाटे चढणार नसाल, तर पहिल्या भेटीत सिगिरियाच निवडावा आणि दार उघडताच आत शिरावे.

उद्यानाची निवड मात्र आदल्या दिवशी करू नये. मिन्नेरियाचा तलाव महासेन राजाने तिसऱ्या शतकात बांधला. जुलै ते सप्टेंबरमध्ये पाणी ओसरून उघड्या पडलेल्या तळावर कोवळे गवत उगवते आणि त्यासाठी शेकडो हत्ती जमतात. गवताचा झुबका सोंडेने उपटून, पुढच्या पायावर आपटून माती झाडायची आणि मगच तोंडात घालायचा, हा त्यांचा क्रम जीपमधून स्पष्ट दिसतो. परंतु अलीकडे मोरगहकंद धरणाचे पाणी अवेळी आले की गवत बुडते आणि कळप कौडुल्ल्याकडे सरकतात. पावसाळ्यात ते हुरुलूच्या जंगलात अधिक दिसतात. म्हणून हबरण्याला पोहोचल्यावर काल हत्ती कोठे होते, हे दोन-तीन जीपचालकांना विचारावे आणि त्यानंतरच जीप ठरवावी. भाडे बहुधा गाडीमागे असते व उद्यानाचे प्रवेशशुल्क वेगळे, तेव्हा दोघेच असाल तर आणखी दोघे सोबतीला शोधावेत.